ग्रुपवर लिहिलं, म्हणून ते सगळ्यांचं झालं का?



मागच्या वेळी आपण बँकेच्या पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या ते बघितलं. आजचा विषयही मालकीचाच आहे, पण पैशाच्या नाही, शब्दांच्या. आपण बाया आता फोनवर किती लिहितो बघा. बैठक कधी, दुधाला दर काय मिळाला, शेळी चारा खाईना, अंतर्गत कर्जाचा हप्ता कोणाचा राहिला. आणि कधी कधी रात्री भांडीकुंडी आवरून सगळे झोपल्यावर मनातलंही लिहितो. जिला लिहायचा कंटाळा ती बोलून पाठवते. हे जे आपण चार जणींत, चाळीस जणींत किंवा सगळ्या जगासमोर लिहितो-बोलतो, ते नंतर कोणाचं? लिहिणारीचं, ग्रुप चालवणारीचं, कंपनीचं, की ज्याच्या हाती लागेल त्याचं? आणि कोणी ते सगळं गोळा करून जपून ठेवलं, लोकांना वाचायला खुलं केलं, तर चालतं का?

आमच्याकडे हा प्रश्न सध्या खरोखरच उभा आहे. अकरा गावांतल्या गटांचा मिळून एक ग्रुप आहे. आरोग्य शिबिरानंतर तिथे गर्भाशयाच्या पिशवीचा विषय निघाला आणि थांबेचना. पिशवी काढायला कोणी सांगितलं, खर्च किती आला, त्यासाठी दागिना कुठे ठेवला, नंतर कंबर कशी गेली. ज्या बाया बैठकीत तोंड उघडत नाहीत त्यांनी पानंच्या पानं लिहिली. बाहेरच्या एका संस्थेला हे कळलं. त्यांचा हेतू चांगला होता. ही सगळी चर्चा पुस्तिका करून छापावी आणि त्यांच्या वेबसाइटवर कायमची ठेवावी, म्हणजे डॉक्टर, अभ्यासक, इतर जिल्ह्यांतल्या बाया सगळ्यांना वाचता येईल, असं त्यांचं म्हणणं. नावं काढून टाकू, म्हणाले.

बैठकीत तीन तट पडले. काही म्हणाल्या, छापा, कळू दे लोकांना. काही म्हणाल्या, माझं नको. आणि साठी ओलांडलेल्या एक मावशी म्हणाल्या, "नाव का काढायचं? सोसलं मी, सांगितलं मी, मग नाव माझं का नको?" संस्थेचे साहेब जरा चकित होऊन म्हणाले, "अहो, ग्रुपवर टाकलं म्हणजे ते सार्वजनिकच झालं. त्याला परवानगी कसली?"

साहेबांचं हे वाक्य चुकीचं आहे. का, ते समजून घेऊ.

सणाला आपण दारात मोठी रांगोळी काढतो. येणारा-जाणारा बघतो, बघावी म्हणूनच काढलेली असते. पण बघायला मोकळीक आहे म्हणून कॅलेंडरवाल्याने तिचा फोटो छापून विकायचा का? बघू देणं वेगळं, देऊन टाकणं वेगळं. लिहिण्याचंही तसंच.

या हक्काला कॉपीराइट म्हणतात, मराठीत प्रताधिकार. भारताचा हा कायदा १९५७ सालचा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यातली पहिली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा हक्क मिळवायला कुठे नोंदणी करावी लागत नाही, फी भरावी लागत नाही, गोलातला इंग्रजी सी काढावा लागत नाही. तुम्ही स्वतःच्या शब्दांत काही लिहिलं की त्याच क्षणी हक्क तुमचा. लेखिका मोठी असायला हवी असंही नाही. शुद्धलेखन चुकलं तरी हक्क चुकत नाही. हा हक्क तुमच्या हयातीत तर राहतोच, शिवाय तुमच्यानंतर ६० वर्षं तुमच्या वारसांकडे राहतो. इतकंच काय, सार्वजनिक ठिकाणी केलेल्या भाषणाचा हक्कही बोलणारीचा असतो असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. दुसऱ्या कोणाच्या वतीने बोललात तर मात्र त्याचा.

म्हणजे चव्हाट्यावर लिहिलं तरी हक्क लिहिणारीचाच. मग चाळीस जणींच्या बंद ग्रुपवर लिहिलेलं तर सार्वजनिक म्हणायलाही अवघड.

ग्रुप ज्या बाईने बनवला तिची मालकी? नाही. बैठक ज्या घराच्या ओट्यावर होते त्या घरधनिणीचं आपलं बोलणं होत नाही, तसंच हे. कंपनीचं म्हणाल, तर आपण फोनवर "मान्य आहे" असं न वाचताच दाबतो ना, तिथे साधारणपणे कंपनीला आपला मजकूर साठवायची, पोहोचवायची, दाखवायची परवानगी दिलेली असते. कुठे ती परवानगी आखूड असते, कुठे बरीच ऐसपैस. पण मालकी लिहिणाऱ्याची राहते. पगारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या अहवालाचं वेगळं आहे. दुसरा करार नसेल तर तो नोकरी देणाऱ्याचा होतो.

आता, सगळंच काही आपल्या मालकीचं नसतं, हेही सांगते, नाहीतर उद्या भांडणं लागतील. कायदा आपल्या शब्दांना, आपल्या मांडणीला राखतो, माहितीला नाही. "बैठक मंगळवारी ११ वाजता" यावर कोणाचा हक्क नाही. लोणच्यात मेथी किती घालायची ही युक्ती तुम्ही सांगितली आणि दुसरीने तसं लोणचं घातलं, तर त्यात कॉपीराइटचा काही संबंध नाही. पण तुम्ही ती कृती तुमच्या भाषेत, सासूबाईंच्या आठवणींसकट लिहिली असेल, तर ते लिहिणं तुमचं. आणि सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार जो येतो, तो तुम्ही पुढे पाठवला म्हणून तुमचा होत नाही. त्याच्या मालकीबद्दल कोणी भांडेल असं मला वाटतही नाही.

काही ठिकाणी परवानगीशिवायही वापर चालतो. टीका करायला, परीक्षण लिहायला, चालू घडामोडीची बातमी देताना, स्वतःच्या अभ्यासासाठी, वाजवी प्रमाणात कोणी आपल्या दोन ओळी घेतल्या तर कायदा त्याला अडवत नाही. अख्खी चर्चा उचलून पुस्तिका छापणं मात्र या वाजवीत बसेल असं मला वाटत नाही.

हा प्रश्न जगात आपल्याच आधी पडला असं नाही. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत युजनेट नावाची एक व्यवस्था सुरू झाली. विद्यापीठांतले संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना लोकांचे संदेश पोहोचवायचे. विषयवार कप्पे केलेले असत. कोणी स्वयंपाकावर लिही, कोणी आजारावर, कोणी राजकारणावर. तेव्हा साठवायला जागा थोडी आणि महाग, त्यामुळे बहुतेक ठिकाणी जुने संदेश थोड्या दिवसांनी पुसले जात. शाळेतला फळा जसा. लोक त्याच हिशोबाने मोकळं लिहीत होते.

पण सगळं पुसलं गेलं नव्हतं. १९९५ साली डेजा न्यूज नावाच्या कंपनीने हे संदेश कायमचे जपायला आणि शोधून द्यायला सुरुवात केली. माणसाचं नाव टाका की त्याने कुठे काय लिहिलं ते समोर. लोक हादरले. मग एक तोडगा निघाला. ज्याला आपलं लिहिणं जपून नको, त्याने संदेशाच्या वरच्या भागात "एक्स-नो-आर्काइव्ह" अशी खूण घालायची, म्हणजे "हे ठेवू नका". तोडगा बरा, पण अर्धा. एक तर ही खूण घालायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली, ज्याला ठाऊक नाही त्याचं लिहिणं गेलंच. दुसरं, तुमचं वाक्य उचलून कोणी खाली उत्तर दिलं असेल आणि त्याने खूण घातली नसेल, तर त्याच्या उत्तरासोबत तुमचं वाक्यही जपलं जायचं.

२००१ च्या फेब्रुवारीत गूगलने तो साठा विकत घेतला. आणखी जुने संदेश मिळवले. त्यातले काही कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या एका माणसाने चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले होते, बघा कशी जपणूक! त्याच वर्षीच्या डिसेंबरात २० वर्षांचे ७० कोटी संदेश सगळ्यांना वाचायला खुले झाले. त्यात १९९१ सालचा एक संदेश आहे. फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिहितो की मी हौस म्हणून संगणक चालवायची एक प्रणाली तयार करतो आहे. पुढे तिचं नाव लिनक्स पडलं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तीच आहे. तो संदेश पुसला गेला असता तर केवढा ठेवा गेला असता! म्हणून मी जपणुकीच्या विरोधात नाही. उलट बायांनी स्वतः सांगितलेली पिशवीची हकीकत वीस वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, असंच मला वाटतं.

लोक कोर्टातही गेले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका लेखकाने गूगलवर दावा लावला. माझं युजनेटवरचं लिहिणं तुम्ही मला न विचारता साठवलं, दाखवलं, अशी त्याची तक्रार. २००६ साली कोर्टाने ती फेटाळली. यंत्र आपोआप सरसकट प्रती करत जातं, त्यात कोणी ठरवून नक्कल केलेली नाही, असं कोर्टाचं म्हणणं. हा निकाल अमेरिकेचा आहे, आपल्या कोर्टावर त्याचं बंधन नाही. पण तो नीट वाचला तर साहेबांच्या वाक्याला त्याचाही आधार मिळत नाही. मालकी गूगलकडे गेली, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. शिवाय पुस्तिका काही यंत्र आपोआप छापत नाही. माणूस बसून निवडतो, कापतो, मथळे देतो.

आपल्याकडचं उदाहरण ऑर्कुटचं. तुमच्यातल्या ज्यांची पोरं तेव्हा कॉलेजात होती त्यांना नाव आठवेल. ब्राझीलमध्ये आणि भारतात ते फार चाललं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. बंद करताना गूगलने सांगितलं की जाहीर समूहांमधल्या चर्चा आम्ही जपून ठेवणार, ज्याला आपलं नाव आणि लिहिणं त्यात नको असेल त्याने आधी आपलं खातं काढून टाकावं. म्हणजे पुन्हा तेच. गप्प राहिलात तर होकार धरला. ज्याने वर्षभर ऑर्कुट उघडलंच नव्हतं त्याला हे कळलं कधी असेल? आणि गंमत अशी की ती जपलेली चर्चाही २०१७ मध्ये काढून टाकली. विचारलंही नाही आणि टिकवलंही नाही.

याच्या शेजारी आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं काम ठेवून बघा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून बायांकडून ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला, वाचायला मिळतात, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव दिलेलं असतं. ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, तिचा एक लेखक सांगता येत नाही, म्हणून तिच्यावर कोणा एकीचा प्रताधिकार सांगणं अवघड. तरीही गाणारीला कायद्याने वेगळा हक्क आहे. त्याला कलाकाराचा हक्क म्हणतात, तो ५० वर्षांचा असतो. तिचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं तर तिची संमती हवी. आमच्या मावशी जे म्हणत होत्या ते हेच. सोसलं मी तर नाव माझं.

आणि मावशींना कायद्याचाही आधार आहे. कलम ५७. लिहिणारीला "हे माझं आहे" असं सांगायचा हक्क आहे, आणि तिच्या अब्रूला धक्का लागेल अशी मोडतोड कोणी केली तर अडवायचाही. बाकी हक्क विकून टाकले तरी हे दोन तिच्याकडे राहतात. म्हणून "नावं काढून टाकू" हे ऐकायला कितीही काळजीचं वाटलं, तरी ते संस्थेने एकटीने ठरवायचं नाही.

दुसऱ्या बाजूने, नाव काढल्याने बाई लपतेच असंही नाही. तीन मुली, विहिरीजवळचं घर, नवरा कारखान्यावर, ऑपरेशन दिवाळीच्या आधी, एवढं लिहिलं की आमच्या तालुक्यात कोणीही नाव सांगेल. इथे कॉपीराइट फारसा कामाला येत नाही. तो शब्दांची मालकी राखतो, गुपित राखत नाही. वैयक्तिक माहितीसाठी संसदेने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला आहे, पण जी माहिती बाईने स्वतःच जाहीर केली तिला तो लागू होत नाही. म्हणून ज्या ग्रुपची लिंक कोणालाही उघडते तिथे लिहिताना हात थोडा आवरावा.

आता परवानगीच्या कागदाकडे येऊ. कागदावर दोन तऱ्हा असतात, आणि त्या आपल्याला शेतावरून पक्क्या कळतात. शेत खंडाने दिलं तर कसणारा दुसरा, पण सातबारा आपल्या नावावर. खरेदीखत केलं तर सातबाराही गेला. "छापायला परवानगी देते" हा खंड झाला. "सर्व हक्क हस्तांतरित करते" हे खरेदीखत झालं. पुस्तिकेसाठी खंड पुरतो. कोणी हस्तांतराचा कागद पुढे केलाच, तर तो लेखी आणि सहीचा असल्याशिवाय ग्राह्य नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "कायमचे" आणि "जगभर" हे शब्द म्हणूनच कागदात घुसवलेले असतात. ते शोधून वाचा. वाचता येत नसेल तर दुसरीकडून मोठ्याने वाचून घ्या, अंगठा मागाहून.

आपल्या गटांत एक सवय आहे, ठराव घेतला की झालं. इथे तसं होत नाही. चाळीसपैकी अडतीस जणींनी हात वर केले आणि अध्यक्षांनी सही केली तरी उरलेल्या दोघींचं लिहिणं देता येत नाही. ते त्यांचं आहे. ग्रुप सोडून गेलेलीचंही तिचंच, वारलेलीचं तिच्या वारसांचं. प्रोसिडिंगमध्ये चर्चा झाल्याची नोंद करा, पण होकार एकेकीचा घ्या.

आमच्याकडे सध्या तेच चाललं आहे. प्रत्येकीला तिने लिहिलेलं सगळं छापून कागदावर दिलं आहे. घरी न्यायला अडचण असेल तर ग्रामसंघाच्या कार्यालयात बसून वाचायचं. प्रत्येक मजकुरापुढे ती सांगते, नावासकट, नाव बदलून, की अजिबात नको. जिचं "नको", तिचं वाक्य दुसरीच्या उत्तरात आलं असेल तर तेही काढायचं, युजनेटवाल्यांनी जे केलं नाही ते. पुस्तिकेची परवानगी वेगळी आणि वेबसाइटची वेगळी ठेवली आहे, कारण पुस्तिका पाचशे हातांत जाते, वेबसाइट कुठेही जाते. संस्थेला आम्ही हेही विचारलं की हे किती वर्षं ठेवणार, आणि संस्था बंद पडली तर कोणाकडे जाणार. एखादीने पुढे मन बदललं तर वेबसाइटवरून काढू, छापलेलं परत घेता येणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं आहे. साहेब आता स्वतःच बायांना समजावून सांगतात, हे कबूल केलं पाहिजे.

मावशींचा कागद मात्र अजून अडकला आहे. त्यांना नाव हवं आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांनी स्वतःबरोबर सुनेच्या ऑपरेशनचंही लिहिलं आहे. मावशींचं नाव छापलं की सून कोण ते सांगावं लागत नाही. शब्द मावशींचे, दुखणं सुनेचं. सून माहेरी गेली आहे, ती आली की दोघी बसून ठरवणार आहेत. तोवर त्यांची दोन पानं बाजूला ठेवली आहेत.

शेवटी, तुमचं लिहिणं आधीच कोणी न विचारता वेबसाइटवर टाकलं असेल तर काय करायचं, हे मला फोनवर बऱ्याच जणींनी विचारलं. आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असा. तुमचा मूळ संदेश फोनमधून पुसू नका, तोच पुरावा आहे. मग ज्याने टाकलं त्याला लेखी कळवा की मजकूर माझा आहे, काढा. लोकांनी टाकलेलं फक्त पोहोचवणाऱ्या सेवांसाठी कायद्यात तरतूद आहे. लेखी तक्रार आल्यावर त्यांनी तो मजकूर २१ दिवस रोखायचा, आणि तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर त्यांना तो पुन्हा खुला करता येतो. म्हणून ते २१ दिवस घरी बसून घालवू नका. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार कार्ड आणि त्या स्क्रीनशॉटच्या दोन छापील प्रती बरोबर ठेवा.